भिंतीमागचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

२०१८ च्या मे महिन्यात आम्ही देवरुखजवळच्या एका गावात जुनं कौलारू घर विकत घेतलं. चिऱ्याच्या भिंती, सागाचे खांब, पुढे पडवी, मध्ये माजघर, परसात फणस. घराला नुकताच रंग दिलेला होता. खाली चकचकीत फरशी, माजघराला पीओपीचं पांढरंशुभ्र छत. आधीचे मालक म्हणाले, "सगळं नवं करून घेतलंय, तुम्ही फक्त राहायला या." आम्ही विश्वास ठेवला.

जुलैत माजघराच्या भिंतीवर रंगाला फुगे आले. बोटानं दाबला की फुटायचा आणि आतून पांढरी भुकटी सांडायची. शेजारी म्हणाले, कोकणात राहायचं तर ओल आलीच. आमच्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा आम्हालाही ते पटलं. दिवाळीनंतर भिंत खरवडली, बाजारातलं ओल थांबवणारं रसायन लावलं, वरून पुन्हा रंग दिला. पण मार्चमध्ये, बाहेर अंगणात पाय ठेववत नव्हता अशा उन्हात, ती भिंत गारच लागली. तळहात टेकवला तर ओलसर.

मग गावातल्या एका म्हाताऱ्या गवंडीकाकांना बोलावलं. त्यांनी थापीच्या मुठीनं भिंत वाजवत वाजवत पूर्ण माजघर फिरून पाहिलं. कुठे टणक आवाज, कुठे बद्द. बद्द आवाज आला त्या जागी त्यांनी छिन्नी घातली, आणि सिमेंटच्या गिलाव्याचा परातीएवढा पापुद्रा सुटून खाली आला. आतला चिरा तांबडा, ओलाचिंब. मी नख लावलं तर दगडाचा चिखल नखात आला. काका म्हणाले, "वहिनी, पावसाला उगाच बोल लावू नका. पाऊस येतो नि जातो. हे पाणी घरातलंच आहे."

चिऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे. १८०७ साली फ्रान्सिस बुकनन यांनी केरळात अंगाडिपुरमजवळ या दगडाचं वर्णन केलं आणि लॅटिनमध्ये विटेला जो शब्द आहे त्यावरून त्याला लॅटराइट हे नाव दिलं. जमिनीतून काढताना तो मऊ असतो, लोखंडी हत्यारानं सहज कापता येतो, आणि हवा लागली की घट्ट होत जातो. आपल्याकडचे चिरेखाणीतले लोक हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. हा भोकाभोकांचा दगड पाणी पितो आणि हवेत सोडून देतो. जुन्या लोकांनी त्यावर चुन्याचा गिलावा केला, कारण चुनाही तसाच पाणी बाहेर जाऊ देतो. सिमेंट ते जाऊ देत नाही. सिमेंटचा जाड थर आणि वर तेलकट रंग चढवला की भिंतीत शिरलेलं पाणी आतच कोंडतं, त्यातला खार गिलाव्यामागे साठतो, फुगतो आणि दगडाचाच भुगा करतो. फरशीचंही तसंच. पूर्वीची सारवलेली जमीन ओल वर सोडायची. तिच्यावर काँक्रीट आणि फरशी घातल्यावर खालच्या ओलीला वर यायला एकच वाट उरली, ती भिंतीची.

पण एवढं पाणी आलं कुठून? काकांनी न्हाणीघरात कपड्यांची नीळ कालवून दोन बादल्या पाणी ओतायला सांगितलं. परसात शोषखड्डा होता, वर झाकण होतं, खड्ड्यात तोंड काढलेला पाइपही दिसत होता. आम्ही तिथे उभे राहिलो. अर्धा तास गेला, खड्ड्यात थेंबही पडला नाही. मग काकांनी न्हाणीच्या बाहेरच्या बाजूला, जोत्याला लागून खणायला घेतलं. हातभर खाली फावड्याला माती निळी लागली.

श्रोतेहो, तो क्षण मी विसरणार नाही. न्हाणीचा पाइप जोत्याखालीच संपला होता. पुढे जोडलाच नव्हता. खड्ड्यातला पाइप वेगळा, वीतभर लांबीचा, नुसता मातीत खुपसलेला. चौघांच्या घराचं आंघोळीचं, धुण्याचं पाणी रोज घराच्या पायात जिरत होतं.

त्या दिवशी मला फार राग आला, आणि तो राग मला आजही बरोबर वाटतो. पैसे कमी पडले म्हणून काम अर्धवट राहिलं, चुना वापरणारा गवंडी मिळाला नाही म्हणून सिमेंट लावलं, हे मी समजू शकते. आपल्यातल्या कितीतरी घरांत असंच होतं. पण खड्ड्यात खोटा पाइप खुपसणाऱ्याला खरं काय आहे हे पक्कं ठाऊक होतं. त्यानं ते मातीखाली घातलं आणि वर झाकण ठेवलं.

मग आम्ही एकेक उघडत गेलो. माजघरातल्या खांबाभोवतीची फरशी काढली. खांब मुळात दगडी तळखड्यावर उभा होता, म्हणजे लाकडाचा जमिनीशी संबंधच नव्हता. जमीन वीतभर उंचावताना तळखडा काँक्रीटमध्ये पुरला गेला होता आणि सागाचं बूड ओलीत बसलं होतं. वरून खांब तुळतुळीत, आणि खाली स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. वाळवीनं पोखरला होता. पीओपीचं छत उतरवलं तर वर ५०० लिटरची पाण्याची टाकी दोन वाशांवर बसवलेली. भरल्यावर अर्धा टन वजन, आणि पाइपाला जागा करायला त्यातला एक वासा अर्ध्यापर्यंत कापलेला. त्या टाकीखाली आमची मुलं झोपत होती.

विजेचं मी थोडक्यात सांगते, पण हे मात्र नीट ऐका. गिझरच्या बोर्डात अर्थिंगची हिरवी वायर होती, पण ती कापून, गुंडाळून आत कोंबलेली होती. मी रोज ओल्या हातांनी ते बटण दाबत होते. घर जुनं घ्या की नवं, राहायला जाण्याआधी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवून घ्या. विजेची गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. बाकी दुरुस्त्या पुढे ढकलता येतात, ही नाही.

दुरुस्तीला आम्हाला दोन वर्षं लागली. आधी पाइप खड्ड्यापर्यंत नेला. मग भिंतीवरचं सिमेंट उतरवलं आणि काकांनी एक अख्खा उन्हाळा भिंतीला हात लावू दिला नाही. "पहिली वाळू दे तिला," एवढंच म्हणायचे. खांबाचं कुजलेलं बूड कापून सागाचा नवा तुकडा सांधला, तळखडा मोकळा केला. अंगणात टाकी बांधून कळीचा चुना विरवला. पाणी ओतल्यावर तो उकळतो, वाफ येते. मुलांना दूर उभं करून ते दाखवलं. तो चुना आठवडेच्या आठवडे भिजत ठेवला, मग वाळूबरोबर मळला, त्यात हिरड्याचं आणि गुळाचं पाणी घातलं. काकांचे हात हे सगळं विसरले नव्हते. पण त्यांच्याबरोबरच्या दोन तरुण गवंड्यांनी चुन्याचं काम आयुष्यात पहिल्यांदा केलं, ही मात्र वाईट वाटण्यासारखी गोष्ट आहे.

जुनं घर बघायला जाणार असाल तर मेमध्ये जाऊ नका, श्रावणात जा. ताज्या रंगाला भुलू नका, भिंती वाजवून बघा. न्हाणीत पाणी ओता आणि ते कुठे बाहेर पडतं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. विकणारे असाल तर जिथे काम कच्चं आहे ते सांगा. किंमत थोडी कमी येईल, येऊ द्या.

चर बुजवण्याआधी आम्ही टेप लावून पाइपाचं माप घेतलं, फोटो काढले, आणि कोणती वायर कुठून जाते त्याचा नकाशा काढून खरेदीखताच्या फायलीत ठेवला. माजघराची भिंत आता भर पावसातही कोरडी लागते. स्वयंपाकघराची मागची भिंत अजून ओली आहे. त्या भिंतीवरच्या फरशीमागे काय आहे ते आम्हाला माहीत नाही. दिवाळीनंतर काका येणार आहेत, तेव्हा ती उघडू.

नमस्कार.