हरवलेल्याला सोबत घ्यावं का?

मंडळी, आजचा विषय अमेरिकेतला एक जुना पेच आहे. पक्षाची उमेदवारी ज्याने जिंकली, त्याने हरवलेल्या प्रतिस्पर्ध्यालाच उपराष्ट्राध्यक्षपदासाठी सोबत घ्यावं का? माझं उत्तर आहे, घ्यावं. पण एका अटीवर. ती अट कळायला आधी १९६० सालच्या लॉस एंजेलिसला जावं लागेल, आणि ही गोष्ट मला घाईत सांगवत नाही.

जुलै महिना, डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. उमेदवारीच्या मतदानात पहिल्याच फेरीत जॉन केनेडींना ८०६ मतं, टेक्सासचे सिनेटर लिंडन जॉन्सनना ४०९. त्याआधी काही दिवस जॉन्सनच्या माणसांनी पत्रकारांना बोलावून केनेडींना अ‍ॅडिसनचा आजार (अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा गंभीर विकार) असल्याचं सांगितलं होतं. (होताच तो, केनेडींच्या गोटाने साफ नाकारलं.) एवढा कडवटपणा झालेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बिल्टमोर हॉटेलात केनेडी स्वतः दोन मजले उतरून जॉन्सनकडे गेले, उपराष्ट्राध्यक्षपद देऊ करायला! जॉन्सनचं नाव ऐकून कामगार पुढारी भडकले. दुपारी धाकटे बंधू रॉबर्ट खाली आले: विरोध फार होतोय, त्याऐवजी पक्षाच्या राष्ट्रीय समितीचं अध्यक्षपद घेता का? जॉन्सन हटले नाहीत. वर केनेडींना फोन गेला. ते म्हणाले, ठरलंय ते ठरलंय, बॉबीला (म्हणजे रॉबर्टला) कल्पना नाही. रॉबर्ट मात्र पुढे सांगत राहिले की, जॉन्सनकडून नकारच येणार या भरवशावर भावाने त्यांना विचारलं होतं.

ऑक्टोबरमध्ये जॉन्सननी आगगाडीने दक्षिण पिंजून काढली. आधीच्या दोन्ही निवडणुकांत रिपब्लिकन आयझेनहॉवरकडे गेलेलं टेक्सास सुमारे ४६ हजारांच्या आघाडीने परत आलं, २४ इलेक्टोरल मतांसकट (राज्याराज्यांच्या वाट्याची ही मतंच राष्ट्राध्यक्ष ठरवतात). इथवर सगळेच सांगतात. मला लागतं ते पुढचं. सिनेटमध्ये विधेयकं पार पाडण्यात ज्याचा कोणी हात धरू शकत नव्हतं, त्या माणसाला जवळजवळ तीन वर्षं बाजूला बसवलं. जून १९६३ मध्ये केनेडींचं नागरी हक्क विधेयक काँग्रेसमध्ये गेलं आणि अडकून पडलं. केनेडींच्या हत्येनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन्सननीच जुलै १९६४ मध्ये त्याचा कायदा करून दाखवला. मग आधी त्यांना का वापरलं नाही?

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. भरभर सांगतो.

१९८० मध्ये रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीत थोरल्या बुशनी प्रतिस्पर्धी रेगनच्या अर्थनीतीला जादूटोणा म्हटलं होतं. रेगननी त्यांना सोबत घेतलंच, वर बुशचे प्रचारप्रमुख जेम्स बेकर यांना व्हाइट हाउसचे चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचे प्रमुख, केलं. दर आठवड्याला रेगन आणि बुश एकत्र जेवत. माझी अट ती हीच: सोबत घेतलं, तर खरं कामही द्यायचं. २००८ मध्ये ओबामांनी उमेदवारीत हरलेल्या हिलरी क्लिंटनना तिकिटावर घेतलं नाही, परराष्ट्र खातं दिलं. तेही मला पटतं, कारण काम दिलं. उलट १७९६ मध्ये राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत दुसरा आलेला आपोआप उपराष्ट्राध्यक्ष होई, म्हणून जिंकलेल्या अ‍ॅडम्सच्या गळ्यात प्रतिस्पर्धी जेफरसन पडले आणि ते पटेना. १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने ती पद्धत गेली.

घटना उपराष्ट्राध्यक्षाला देते काय? सिनेटचं अध्यक्षपद आणि मतं समसमान पडली तर एक मत. बाकी सारं राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर. कार्टरचे उपराष्ट्राध्यक्ष मॉन्डेल यांनी डिसेंबर १९७६ मध्ये, म्हणजे निवडून आल्यावर, आपण काय काम करणार याचं लेखी टिपण कार्टरना दिलं. ते तर कार्टरचे प्रतिस्पर्धीही नव्हते. प्रतिस्पर्धी असेल, तर असं टिपण होकाराच्या आधीच दोघांच्या हाती असायला हवं.