सातवे त्रिक

श्रोतेहो, नमस्कार. नागपूरपासून गडचिरोली-गोंदियापर्यंत ‘सिकलसेल’ या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे नाव कोणाला समजावून सांगावे लागत नाही. रक्ततपासणीच्या कागदावर ‘एएस’ आले की ‘एसएस’, यातला फरकही इकडच्या अनेक घरांत ठाऊक असतो. त्या अक्षरांमागे पेशीने केलेले एक भाषांतर आहे आणि आज मी त्या भाषांतरातल्या एकाच शब्दाविषयी बोलणार आहे.

प्रथिन बनवायचे झाले की पेशीच्या केंद्रकातल्या जनुकाची नक्कल संदेशवाहक आरएनएवर उतरते आणि ती रायबोसोमकडे, म्हणजे पेशीतल्या प्रथिने जोडणाऱ्या यंत्राकडे, जाते. या आरएनएत ए, यू, जी आणि सी ही चारच अक्षरे असतात, तर प्रथिनांसाठी लागणारी अमिनो आम्ले आहेत 20. अक्षरांच्या जोड्या केल्या तर शब्द 16च होतात, म्हणजे ते पुरणार नाहीत. तीन-तीन अक्षरे घेतली तर 64 होतात, आणि पेशी तीनच वाचते. 1961 मध्ये मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिक मथाई यांनी केवळ यू असलेला आरएनए वापरून पाहिला, तेव्हा फेनिलअ‍ॅलनिन या एकाच अमिनो आम्लाची साखळी तयार झाली आणि कोशातला पहिला शब्द लागला. पुढे हरगोविंद खुराना यांनी ठरावीक क्रमाचे आरएनए प्रयोगशाळेत घडवून उरलेल्या कोशाला मोठा हातभार लावला. 64 पैकी 61 त्रिके अमिनो आम्लांची निघाली आणि तीन पूर्णविरामाची.

आता हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहणारे प्रथिन, याच्या बीटा नावाच्या साखळीचा संदेश पाहू. तो एयूजी या आरंभाच्या त्रिकाने सुरू होतो आणि सातवे त्रिक येते जीएजी, म्हणजे ग्लुटामिक आम्ल. (आरंभीचे मेथिओनिन नंतर कापले जाते, म्हणून पुस्तकांत याच जागेला सहावे स्थान म्हणतात, विद्यार्थी येथे हमखास गोंधळतात.) या त्रिकाचे तिसरे अक्षर बदलून जीएए झाले, तरी ग्लुटामिक आम्लच बसते आणि काहीही बिघडत नाही. पहिले अक्षर बदलून यूएजी झाले, तर तो पूर्णविराम असल्याने साखळी तेथेच तुटते. मधले अक्षर बदलून जीयूजी झाले, की व्हॅलिन बसते, आणि हाच आपला सिकलसेल. गंमत अशी की एयूजीच्या लगेच पुढचे त्रिकही जीयूजीच आहे, आणि तेथे व्हॅलिनच हवे असते.

रायबोसोमला यातले काहीच कळत नाही. वाहक आरएनएचे एक टोक संदेशातल्या त्रिकाशी जुळते आणि दुसऱ्या टोकावर अमिनो आम्ल असते. जुळले की आम्ल साखळीत जोडले जाते. त्यामुळे बदललेले त्रिकही योग्य त्रिकाइतक्याच काटेकोरपणे वाचले जाते. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो, व्हॅलिन मात्र पाण्यापासून दूर राहू पाहते. म्हणून ऑक्सिजन सोडल्यावर असे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात आणि गोल लवचीक रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. 146 अमिनो आम्लांच्या साखळीतले एकच बदलले आहे, हे व्हर्नन इंग्रॅम यांनी 1950च्या दशकात दाखवून दिले.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. ‘एएस’ व्यक्तीत एका प्रतीवरून नेहमीची साखळी बनत राहते, त्यामुळे तिला सहसा त्रास होत नाही; ‘एसएस’मध्ये दोन्ही प्रती बदललेल्या असतात. आई आणि वडील दोघेही ‘एएस’ असतील, तर बाळ ‘एसएस’ होण्याची शक्यता चारात एक असते, आणि ती दर गर्भधारणेला नव्याने तेवढीच असते. थोरली मुलगी ‘एसएस’ निघाली, आता पुढची तीन मुले सुटली, असा हिशेब मी अनेकदा ऐकला आहे. तो चुकीचा आहे.