८२ दिवस रिकामी खुर्ची

(पडदा काळा. मतमोजणी केंद्राबाहेरच्या भोंग्याचा आवाज. आकडा नीट ऐकू येत नाही. मग शांतता.)

२३ नोव्हेंबर २०२४. भंडारा जिल्ह्यातलं साकोली. काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले त्यांच्याच मतदारसंघात निवडून आले. किती मतांनी? २०८. आपल्याकडच्या साध्या लग्नाच्या पंगतीला याहून जास्त माणसं उठतात.

आणि तरी त्या दिवशी काँग्रेसच्या नेत्यांत पटोले नशीबवान ठरले. कारण तिकडे संगमनेरला बाळासाहेब थोरात पडले होते. १९८५ पासून सलग आठ वेळा निवडून आलेला माणूस. कराड दक्षिणला माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण पडले. तिवशाला यशोमती ठाकूर पडल्या. लातूर ग्रामीणला धीरज देशमुख, धुळे ग्रामीणला कुणाल पाटील, भोरला संग्राम थोपटे. दुपारपर्यंत वाहिन्यांच्या पट्टीवर अशी नावं सरकत होती, की यातलं एखादं पडलं असतं तरी एरवी तीच दिवसाची मोठी बातमी झाली असती.

संध्याकाळी हिशेब लागला. २८८ पैकी काँग्रेसचे १६.

(पडद्यावर फक्त आकडे, एकाखाली एक.)

१९७२ साली हाच पक्ष २७० पैकी २२२ जागा घेऊन बसला होता. १९९० ला १४१. १९९५ ला ८०. २००९ ला ८२. २०१४ ला ४२. २०१९ ला ४४. आणि आता १६.

गंमत अशी की पाच-सहा महिन्यांपूर्वीच लोकसभेला महाराष्ट्रात सगळ्यात जास्त खासदार काँग्रेसचे आले होते. १७ जागा लढवून १३. त्या जूनमध्ये दादरच्या टिळक भवनात गुलाल उधळला गेला होता. 'मुख्यमंत्री कोणाचा' यावर महाविकास आघाडीत चर्चा झडत होत्या. गुलाल अंगावरून धुवायचा राहून गेला आणि नोव्हेंबर उजाडला.

विधानसभेत विरोधी पक्षनेतेपद मागायला संकेताप्रमाणे एक दशांश, म्हणजे २९ आमदार लागतात. उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचे २०, काँग्रेसचे १६, शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे १०. एकट्याच्या बळावर कोणीच तिथवर पोचत नव्हतं.

(टिळक भवनाचं फाटक. गाडी येते, थांबते, जाते.)

पराभव झाला की आपल्याकडे एक विधी ठरलेला आहे. त्याला 'नैतिक जबाबदारी स्वीकारणं' म्हणतात. २०१४ ला पक्ष हरला, पुढच्या मार्चमध्ये माणिकराव ठाकरे गेले आणि अशोक चव्हाण आले. २०१९ च्या लोकसभेला राज्यात पक्षाचा एकच खासदार उरला, चंद्रपूरचे बाळू धानोरकर. खुद्द प्रदेशाध्यक्ष चव्हाण नांदेडला पडले होते. ते गेले, जुलैमध्ये थोरात आले. मग महाविकास आघाडीचं सरकार आलं आणि थोरात एकाच वेळी महसूलमंत्री, विधिमंडळ पक्षनेते आणि प्रदेशाध्यक्ष असे तीन टोप्या घालून फिरले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांतली एक टोपी काढून पटोलेंच्या डोक्यावर ठेवली गेली.

त्या बदलाची एक किंमत होती आणि ती आज फारसं कोणी काढत नाही. पटोले तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष होते. प्रदेशाध्यक्ष व्हायचं म्हणून त्यांनी ते पद सोडलं. आघाडीला पुढे सरकार पडेपर्यंत नवा विधानसभा अध्यक्ष निवडताच आला नाही. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, आमदार आधी सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले, अपात्रतेच्या नोटिसा निघाल्या. तेव्हा ते सगळं उपाध्यक्ष नरहरी झिरवाळांच्या खांद्यावर होतं. अध्यक्षांच्या खुर्चीवर कोणीच नव्हतं. पक्षाचा नेता बदलताना सभागृहातली एक जागा सुटते, एवढा साधा हिशेब तेव्हा कोणी मांडला नाही का? मांडला असेल. ऐकला नसेल.

पटोलेंचं आणि थोरातांचं पुढे जमलंच नाही. जानेवारी २०२३ च्या नाशिक पदवीधर निवडणुकीत सुधीर तांबेंना उमेदवारी असताना त्यांनी अर्ज भरला नाही. त्यांचे चिरंजीव, म्हणजे थोरातांचे भाचे सत्यजित तांबे, अपक्ष उभे राहिले आणि जिंकले. त्यावरून एबी फॉर्मचा, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदाचा, वाद पेटला. थोरातांनी विधिमंडळ पक्षनेतेपदाचा राजीनामा दिला. घरातलं भांडण वाड्याबाहेर आलं, मिटलं असं सांगितलं गेलं, आणि त्याच माणसांनी दीड-पावणेदोन वर्षांनी एकत्र तिकीटवाटप केलं.

(कॅलेंडरची पानं. डिसेंबर. जानेवारी.)

डिसेंबर २०२४ मध्ये पटोलेंनी पक्षाध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गेंना पत्र लिहिलं: मला मोकळं करा. चार वर्षं होत आली होती.

आता पुढचा कोण?

कागदावर बघाल तर काँग्रेसच्या घटनेत याचं उत्तर आहे. तालुक्या-ब्लॉकातून निवडून आलेले प्रदेश प्रतिनिधी आपला अध्यक्ष निवडतील. प्रत्यक्षात काय होतं, ते पक्षातला कोणीही जुना माणूस सांगेल. बैठक भरते, एक जण उठतो आणि एका ओळीचा ठराव मांडतो: अध्यक्ष निवडण्याचे सर्वाधिकार हायकमांडला देण्यात येत आहेत. दुसरा अनुमोदन देतो. टाळ्या. चहा. हा ठराव इतका सवयीचा झालाय की त्याला मजकूर लागत नाही, नुसतं 'एका ओळीचा ठराव' म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. मुख्यमंत्री निवडतानाही हेच. १९८२ साली अंतुलेंच्या जागी बाबासाहेब भोसले आले, तेव्हा महाराष्ट्राला मुख्यमंत्र्यांचं नाव दिल्लीहूनच कळलं होतं.

तर दिल्ली विचार करत होती. आणि इकडे वर्तमानपत्रांत नावं फिरत होती. सतेज पाटील. विश्वजित कदम. अमित देशमुख. यशोमती ठाकूर. नावं नीट ऐका. डी. वाय. पाटलांचे चिरंजीव, पतंगराव कदमांचे चिरंजीव, विलासराव देशमुखांचे चिरंजीव, भैय्यासाहेब ठाकुरांच्या कन्या. महाराष्ट्र काँग्रेस म्हणजे काय, हे या एका यादीत आलं.

एरवी अशा खुर्चीसाठी दिल्लीच्या फेऱ्या होतात, समर्थकांच्या गाड्या भरून जातात. या वेळी तसली धावपळ दिसली नाही. का?

इथे जरा थांबू. कारण माझ्या मते सगळी गोष्ट इथे आहे.

(साखर कारखान्याचं धुराडं. गेटवर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरची रांग.)

महाराष्ट्रात काँग्रेसचा नेता म्हणजे नुसता आमदार नसतो. त्याच्या मागे कारखाना असतो, सूतगिरणी असते, दूध संघ असतो, शिक्षण संस्था असते, जिल्हा बँकेत दोन-चार संचालक असतात. पक्ष सत्तेत होता तेव्हा हीच त्याची ताकद होती. कारखान्यावर कामाला असलेला माणूस, कॉलेजात शिकवणारा प्रोफेसर, सोसायटीचा सचिव, हे सगळे निवडणुकीत कार्यकर्ते व्हायचे. पगार संस्थेचा, काम पक्षाचं.

पण सत्ता गेली की तीच संस्था गळ्यात अडकते. कारखान्याला कर्ज हवं, तर सरकारची थकहमी हवी, म्हणजे कर्ज थकलं तर आम्ही भरू ही हमी. थकहमीची फाईल मंत्रालयात. कॉलेजची नवी तुकडी हवी, फाईल मंत्रालयात. जिल्हा बँकेची चौकशी लागली, ती थांबवायची कोणी? आता सांगा, ज्याच्या दहा फायली मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर, मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयात पडून आहेत, त्याने रोज सकाळी कॅमेऱ्यासमोर उभं राहून मुख्यमंत्र्यांवर तोफ डागायची कशी? प्रदेशाध्यक्षाचं तर मुख्य काम तेच.

म्हणजे खुर्चीवर असा माणूस हवा होता, ज्याची फाईल नाही.

(१३ फेब्रुवारी २०२५. मोबाइलच्या पडद्यावर एक पत्र.)

पत्र आलं. अखिल भारतीय काँग्रेस समितीचं. दिल्लीत पक्षाचं मुख्यालय महिन्याभरापूर्वीच अकबर रोडवरून कोटला रोडच्या नव्या इंदिरा भवनात गेलं होतं. पत्ता नवा, पत्र जुन्याच घाटाचं. इंग्रजीत, मोजक्या ओळींचं. पक्षाध्यक्षांनी अमुक यांची नेमणूक केली आहे, तात्काळ प्रभावाने. मावळत्या अध्यक्षांच्या योगदानाची पक्ष दखल घेतो. खाली सरचिटणीस के. सी. वेणुगोपाल. विधिमंडळ पक्षनेतेपदी विजय वडेट्टीवार. आणि प्रदेशाध्यक्ष: हर्षवर्धन सपकाळ.

निकालापासून ८२ दिवस झाले होते. मधलं नागपूरचं हिवाळी अधिवेशन काँग्रेसच्या आमदारांनी विधिमंडळ पक्षनेत्याविनाच काढलं होतं.

हर्षवर्धन सपकाळ कोण? मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच जणांना त्या दिवशी हा प्रश्न पडला. बुलढाण्यात पडला नाही. तरुण वयात तिथल्या जिल्हा परिषदेचे अध्यक्ष झालेले, २०१४ ते २०१९ बुलढाण्याचे आमदार, पंचायतराजच्या कामात मुरलेले, सर्वोदयी वळणाचे. कारखाना नाही. वडिलांचा मतदारसंघ नाही. २०१९ ला ते शिवसेनेच्या संजय गायकवाडांकडून हरले. २०२४ ला तर उभं राहायलाच मिळालं नाही, कारण आघाडीच्या वाटपात जागा ठाकरेंच्या शिवसेनेकडे गेली. तिथून जयश्री शेळके लढल्या, ज्या निवडणुकीच्या तोंडावर काँग्रेसमधूनच शिवसेनेत गेल्या होत्या. त्या पडल्या ८४१ मतांनी. प्रदेशाध्यक्ष झालेल्या माणसाच्या गावात पक्षाचं चिन्ह मतदानयंत्रावरच नव्हतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

याला दिल्लीचा धाडसी निर्णय म्हणणारे होते, आणि 'मोठ्यांनी अंग काढून घेतलं म्हणून धाकट्याच्या गळ्यात घातलं' म्हणणारेही होते. मला दोन्ही खरं वाटतं.

(१८ फेब्रुवारी. पदग्रहण. हार, फेटे, घोषणा.)

पदग्रहण थाटात झालं. खरी परीक्षा मार्चमध्ये होती. बीड जिल्ह्यातल्या मसाजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या खुनाला तीन महिने होत आले होते. जिल्हा जातीच्या भांडणाने पेटलेला. सपकाळांनी तिथे सभा घेतली नाही. मसाजोगहून बीडपर्यंत दोन दिवस सद्भावना यात्रा काढली, पायी. पुढच्याच महिन्यात, दंगलीनंतरच्या नागपुरात पुन्हा तेच.

चालणं हे काँग्रेसचं जुनं हत्यार. पण चालणाऱ्याच्या मागून गर्दी यावी लागते, आणि इथे समोरच्या दारातून माणसं बाहेर पडत होती. यात्रेला दोन दिवस होत नाहीत तोच पुण्याचे रवींद्र धंगेकर शिंदेंच्या शिवसेनेत. एप्रिलमध्ये भोरचे संग्राम थोपटे भाजपमध्ये. राजगड कारखाना त्यांच्या घराण्याच्या नेतृत्वाखालचा. १ जुलैला धुळ्याचे कुणाल पाटील भाजपमध्ये. रोहिदास पाटलांचे चिरंजीव आणि स्वतः पक्षाचे कार्याध्यक्ष राहिलेले. त्याच दिवशी मुंबईत भाजपच्या प्रदेशाध्यक्षपदाची सूत्रं रवींद्र चव्हाणांकडे आली. जिंकलेल्या पक्षालाही अध्यक्ष बदलावा लागतो, पण तिथे वरात वेगळी असते.

शेजारच्या घरातही तेच चाललं होतं. शरद पवारांच्या राष्ट्रवादीत जयंत पाटील सात वर्षं प्रदेशाध्यक्ष होते. १० जूनला पुण्यात, वर्धापनदिनाच्या भर व्यासपीठावरून, त्यांनी साहेबांना सांगितलं की आता मला मोकळं करा. खालून कार्यकर्ते 'नाही, नाही' ओरडले. पाचेक आठवड्यांत शशिकांत शिंदे आले. माथाडींतून वर आलेला माणूस. साताऱ्याला लोकसभेत हरलेला, कोरेगावला विधानसभेत हरलेला. म्हणजे दोन्ही पक्षांनी पडत्या काळात असा नेता निवडला, ज्याला मतदारसंघ सांभाळायचा नाही आणि गमवायलाही फार काही नाही.

(जुलैची अखेर. पाऊस. टिळक भवनाच्या पायऱ्यांवर छत्र्या.)

प्रदेशाध्यक्षाला सगळ्यात आधी काय हवं असतं? स्वतःची माणसं. नवी कार्यकारिणी यायला जुलै संपत आला. तीही दिल्लीहूनच आली. ज्येष्ठ उपाध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, राजकीय व्यवहार समिती. नुसते सरचिटणीसच शंभरावर. विधानसभेत १६ आमदार.

कोणाला दुखवायचं नाही म्हटलं की यादी अशी लांबते. पीडीएफ संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फिरली. जिल्ह्याजिल्ह्यात ती उघडली गेली, आणि बहुतेकांनी वरून खाली वाचायची तसदी घेतली नाही. बोटाने सरकवत सरकवत आधी स्वतःचं नाव शोधलं. ते सापडल्यावर, किंवा न सापडल्यावर, शेजारच्या तालुक्यातल्या माणसाचं.

(पडदा काळा.)