मेख आणि खडक

श्रोतेहो, नमस्कार.

भिंतीतला खिळा कधी उपटून बघितलाय? खिळा असतो बोटभर, पण निघताना गिलाव्याचा हा एवढा खपला घेऊन निघतो. त्याच भोकात तोच खिळा पुन्हा ठोकला तर डुगडुगतो. मग आपण जाड खिळा शोधतो. तोही कधीतरी निघतो, भोक आणखी मोठं होतं. आजची सगळी गोष्ट त्या भोकाची आहे.

गोष्ट आहे अमेरिकेतल्या इव्हॉन शुइनार्डची. 'पॅटागोनिया' ही कपड्यांची कंपनी काढणारा उद्योजक म्हणून जग त्याला ओळखतं. मला मात्र तो लोहार म्हणून आवडतो. जन्म १९३८चा, मेन राज्यातला. घरात फ्रेंच बोलली जायची, वडील पडेल ते काम हातानं करणारे. कुटुंब कॅलिफोर्नियात आलं तेव्हा या पोराला इंग्रजी येत नव्हतं. शाळेत जीव रमेना. ससाणे पाळणाऱ्यांच्या एका क्लबात तो जाऊ लागला, कड्यातल्या घरट्यांपर्यंत दोरावरून उतरायला शिकला, आणि पुढे त्या कड्यांचाच होऊन गेला.

कडा चढणारे तेव्हा खडकाच्या चिरेत लोखंडी मेख ठोकायचे. मेखेत कडी, कडीत दोर. तुम्ही निसटलात तर ती मेख तुम्हाला धरते. युरोपातून यायच्या त्या मेखा मऊ लोखंडाच्या, ठोकल्या की कायमच्या तिथेच राहणाऱ्या. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यातले उंच कडे चढायला दिवसच्या दिवस लागत, आणि मेखा तर शेकड्यांनी. एवढ्या आणायच्या कुठून?

१९५७ साली या अठरा वर्षांच्या पोरानं भंगारातून कोळशाची भट्टी, ऐरण, चिमटे आणि हातोडे आणले आणि लोहारकी स्वतःची स्वतः शिकला. पहिल्या मेखा घडवल्या कापणीयंत्राच्या जुन्या पात्यातून. तासाला दोन व्हायच्या. किंमत दीड डॉलर. युरोपातली मेख वीस सेंटला मिळायची, तरी गिऱ्हाईक याच्याकडेच यायचं. का? तर ही मेख कडक पोलादाची होती. ती ठोकून, काढून, पुन्हा वापरता येत होती. डोंगरात लोखंड मागे राहत नव्हतं. पुन्हा वापरता येत होती, हे ध्यानात ठेवा.

प्रत्येक मुलाच्या हातात शाळेत एकदा तरी हातोडा द्यावा, असं मला फार मनापासून वाटतं. लोखंड किती तापलंय हे रंगावरून ओळखायला पुस्तकातून शिकता येत नाही. असो.

पैसा काही फार मिळत नव्हता. मोटारीच्या मागच्या बाजूतून माल विकायचा, उरलेला वेळ कड्यांवर. चेपलेल्या डब्यांतलं मांजरांचं खाणं स्वस्तात मिळतं म्हणून त्यावरही त्यानं दिवस काढलेत. १९६४ साली मालाची पहिली यादी छापली, एका कागदाची. तळाशी सूचना होती: मे ते नोव्हेंबर माल लवकर मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. तेव्हा मालक डोंगरात असायचा ना! पुढे टॉम फ्रॉस्ट हा इंजिनिअर भागीदार झाला, मेखा सुबक झाल्या, आणि १९७०पर्यंत गिर्यारोहणाचं लोखंडी साहित्य विकणारी अमेरिकेतली सर्वांत मोठी कंपनी यांचीच होती. धंद्याचा सत्तर टक्के भाग एकट्या मेखेचा.

आणि इथेच मेख होती.

योसेमिटीच्या एल कॅपिटन कड्यावर 'नोझ' नावाची वाट आहे. थोड्याच वर्षांपूर्वी तिथला खडक अगदी अस्पर्श होता. शुइनार्ड आणि फ्रॉस्ट पुन्हा चढले तेव्हा चिरांच्या कडा फुटलेल्या, जागोजागी भोकं पडलेली. एक चमू मेख ठोकतो, काढतो. मागून येणारा त्याच जागी ठोकतो, काढतो. ठोका, काढा. ठोका, काढा. भिंतीतला खिळा आठवतोय ना? ज्या गुणासाठी ही मेख घडवली, ती काढता येण्याची सोय, तीच खडकाला खात होती. आणि ठोकणारे सगळे डोंगरावर जीव लावणारे.

खाली उतरल्यावर दोघांनी ठरवलं, मेखेचा धंदा आवरायचा. धंद्याचा सत्तर टक्के भाग! मला ही गोष्ट किती वेळा सांगितली तरी पुरत नाही.

मेखेऐवजी काय? इंग्लंडातले गिर्यारोहक यंत्राचे नट दोरीत ओवून चिरेत अडकवायचे. गाठ मारलेली दोरी दाराच्या फटीत अडकते, ओढाल तितकी घट्ट बसते, तसंच. हातोडा लागत नाही, काढताना बोटांनी निघतं, खडकावर ओरखडा नाही. या दोघांनी तसे ॲल्युमिनियमचे गुटके नीट मापात बनवले. १९७२च्या माहितीपुस्तकात डग रॉबिन्सन या गिर्यारोहकाचा चौदा पानी लेख छापला: हातोडा घरी ठेवा. म्हणजे दुकानदारच सांगतोय, माझा सर्वांत खपणारा माल घेऊ नका. काही महिन्यांत मेखेची विक्री आटली आणि गुटके बनवता पुरेनात. त्या पत्र्याच्या शेडमध्ये घणाची धप्प धप्प थांबली आणि ड्रिलची बारीक, कानात शिरणारी किरकिर सुरू झाली.

बाकीचं आयुष्य भराभर सांगतो, वेळ थोडा आहे. १९८९मध्ये कोर्टातल्या दाव्यांमुळे ही लोखंडी साहित्याची कंपनी दिवाळखोरीत गेली. कामगारांनीच ती विकत घेऊन पुढे चालवली. १९९१च्या मंदीत त्याच्या कपड्यांच्या कंपनीला, पॅटागोनियाला, एका दिवसात १२० माणसं कमी करावी लागली, पाचातला एक माणूस. कापसावरच्या कीटकनाशकांचं नुकसान कळल्यावर १९९६पासून कंपनीनं फक्त सेंद्रिय कापूस वापरला. २००२मध्ये इतर उद्योगांनीही विक्रीचा एक टक्का पर्यावरणाला द्यावा म्हणून संस्था काढली. फाटलेले कपडे ही कंपनी दुरुस्त करून देते, याचं मला विशेष अप्रूप. आपल्याकडचे रफूवाले गेले ते गेलेच. उसवलेली शिवण घालायलाही माणूस सापडत नाही, हे काही चांगलं झालं नाही. आणि २०२२ साली, शुइनार्ड त्र्याऐंशी वर्षांचा असताना, त्याच्या कुटुंबानं जवळजवळ तीन अब्ज डॉलरची ही कंपनी एका ट्रस्टच्या आणि एका संस्थेच्या नावे करून टाकली, नफा हवामानबदलाशी लढायला जावा म्हणून.

योसेमिटीत 'सेरेनिटी क्रॅक' नावाची एक चीर आहे. मेखांनी पाडलेली भोकं तिथे अजून आहेत, एकावर एक, ओळीनं. खडक भरून येत नाही. आता चढणारे त्याच भोकांत बोटं रुतवून वर जातात.