हाताने उपटलेलं शेवाळ

(पहिले दहा सेकंद निवेदन नाही, फक्त पंपाचा आवाज)

हा दगड आहे. म्हणजे दगड खाली आहे, वर जे हलतंय ते सगळं हेअर अल्गी, केसाळ शेवाळ, आणि लेन्स एवढी जवळ नेलीये म्हणून एकेक धागा सुटा दिसतोय, नाहीतर काचेबाहेरून नुसता हिरव्या लोकरीचा गुंता वाटतो. धाग्यांना मोत्यांसारखं जे चिकटलंय तो ऑक्सिजन, लाइट लागून दोनेक तास झाले की असे बुडबुडे धरायला लागतात. दिसायला सुंदर आहे, खोटं कशाला बोलायचं. पण ह्याच धाग्यांखाली झोअँथसची, म्हणजे फुलासारख्या उघडणाऱ्या प्रवाळाच्या भाऊबंदांची, एक कॉलनी आहे आणि ती आठवडाभर उघडलेली नाहीये.

टँक खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा, दोनशे लिटरचा, ह्या शॉटमध्ये चार महिन्यांचा, कोरड्या दगडावर सुरू केलेला. पहिल्या महिन्यात वाळूवर तपकिरी पावडर धरली होती ती डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची, नवीन टँकला बहुतेक येतेच आणि पाण्यातलं सिलिकेट संपत आलं की जातेही, तिथे अडकायचं कारण नाही.

आता ही टेस्ट बघा. शेवाळाचं खत म्हणजे फॉस्फेट आणि नायट्रेट. फॉस्फेट ०.०२ पीपीएम, नायट्रेट जवळपास काहीच नाही. आकडे बघून कोणालाही वाटेल पाणी तर चांगलं आहे मग हे एवढं शेवाळ जगतंय कशावर. तर पाण्यात जे येतं ते शेवाळच आधी उचलतं आणि किट फक्त उरलेलं मोजतं. आणि दुसरं म्हणजे हा दगड स्वतः. कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, फॉस्फेट त्याला धरून बसतं, आणि पाण्यातलं कमी झालं की दगड स्वतःजवळचं थोडं थोडं सोडत राहतो, आठवडेच्या आठवडे, कधी कित्येक महिने. शेवाळ बसलंय ते बरोबर ह्या गळतीच्या तोंडावर. म्हणून नुसतं पाणी बदलत राहिलं की जाईल असं जे सांगतात ते अर्धंच खरं आहे.

तेव्हा घाईत जे केलं ते हे. गंजाच्या रंगाचे हे दाणे म्हणजे फेरिक ऑक्साइड, हॉबीत जीएफओ म्हणतात, फॉस्फेट शोषून घेतात. चांगली वस्तू आहे पण मोजून वापरायची. इथे भरमसाट घातली गेली. दहा दिवसांत फॉस्फेट शून्य, नायट्रेटही शून्य, हिरवं थोडं फिकटलं, आणि मग हे आलं.

(मायक्रोस्कोपचा शॉट, पूर्ण चालू द्यायचा)

बाहेरून बघितलं तर शेंबडासारखं, तपकिरी, लोंबणारं, टोकाला एक बुडबुडा. पहाटे लाइट लागायच्या आधी जवळजवळ गायब, संध्याकाळपर्यंत परत दगडभर. चारशे पट मोठं केल्यावर काय आहे ते कळतं. थेंबाच्या आकाराच्या पेशी, एक टोक निमुळतं, आणि खुंटीला बांधल्यासारख्या जागच्या जागी गरगर फिरतायत. हे ऑस्ट्रिऑप्सिस, डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशी जीवांमधला एक प्रकार. पाण्यातलं खत शून्यावर नेलं की साधं शेवाळ आणि बाकीचे सूक्ष्मजीव उपाशी पडतात, जागा रिकामी होते, आणि ती रिकामी जागा धरायला हे तयार असतात.

मायक्रोस्कोप साधा मुलांच्या खेळण्यातला असला तरी चालतो पण आधी बघा आणि मग उपाय करा, हे कळकळीने सांगतोय, कारण ऑस्ट्रिऑप्सिस रात्री दगड सोडून पाण्यात तरंगतो आणि पाणी ज्यातून फिरवतात त्या यूव्ही लॅम्पमध्ये सापडून मरतो, तर त्याचाच भाऊबंद ॲम्फिडिनियम वाळू सोडत नाही, त्याच्यावर यूव्ही लावून काही उपयोग नाही. आणि लाल मखमलीसारखा जो थर दिसतो, पाइप लावला की सायीसारखा अख्खा उचलला जातो, तो सायनोबॅक्टेरिया. ते शेवाळच नाही, बॅक्टेरिया आहेत. तिन्हींना "शेवाळ आलं" म्हणून एकच बाटली ओतणं म्हणजे रोग न बघता औषध देणं.

जीएफओ काढून टाकलं. नायट्रेट मुद्दाम घालून ५ वर आणलं, फॉस्फेट ०.०५ च्या थोडं वर, रात्री यूव्ही, आणि रोज सायफन, म्हणजे पाइपने ओढून काढणं. तीन आठवडे. ऑस्ट्रिऑप्सिस विषारी असतो, त्या तीन आठवड्यांत सहा शंख गेले आणि एक ॲक्रोपोरा प्रवाळ.

(निवेदन नाही. वाळूवरचा शंख, मग रिकामा दगड.)

मग हिरवं परत आलं. येणारच होतं, खत परत दिलेलं ना. पण ह्या वेळी बाटल्या कपाटात ठेवल्या आणि टँककडे वेगळ्या नजरेने बघितलं.

समुद्रातल्या प्रवाळाच्या रीफवरही शेवाळ सतत उगवतच असतं. दिसत नाही कारण ते खाणारी तोंडं दिवसरात्र चरत असतात, टँग मासे आहेत, पॅरटफिश आहेत, सी अर्चिन आहेत. १९८३ मध्ये कॅरिबियन समुद्रात डायडेमा नावाच्या लांब काट्यांच्या काळ्या सी अर्चिनवर रोग आला आणि वर्षभरात ९० टक्क्यांहून जास्त मेले, आणि जमैकाच्या किनाऱ्यावर बघता बघता प्रवाळ शेवाळाखाली गेलं. दोनशे लिटरमध्ये एवढी तोंडं मावत नाहीत. म्हणून हात.

आता हे नीट बघा, ह्या व्हिडिओतलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. सगळे पंप बंद, म्हणजे तुटलेले धागे टँकभर फिरत नाहीत, कारण तुकडा जिथे अडकेल तिथे परत उगवू शकतो. जो दगड निघतो तो बाहेर, बादलीत, आणि बादलीत टँकचंच खारं पाणी, नळाचं नाही. बोटांनी चिमटीत धरायचं, बुडाशी, आणि हळू ओढायचं, वरवर ओढलं की केस तुटतात आणि बूड तिथेच राहतं. ऐका, असा बारीक करकर आवाज येतो बूड सुटताना. मग टूथब्रश, भेगांमध्ये, कोरलच्या कडेने ब्रश न घासता फक्त टोकाने. जे दगड निघत नाहीत त्यांच्यासाठी ब्रशला पातळ पाइप रबरबँडने बांधलाय, घासता घासताच सायफन, ही युक्ती फार कामाची आहे. पहिल्या दिवशी दोन तास लागले आणि बादलीत हे एवढं निघालं. आणि ह्या धाग्यांमध्ये बांधलेलं नायट्रेट आणि फॉस्फेट त्यांच्याबरोबर टँकच्या बाहेर गेलं, औषधाने जागच्या जागी मारलं असतं तर कुजून परत पाण्यात उतरलं असतं.

हात फिरल्यावरच शंख आणायचे, आधी नाही. लांब केसांना शंख तोंड लावत नाहीत, खुडून उरलेलं खुरटं खातात. हा ट्रोकस, काचेवर त्याने सोडलेली नागमोडी रेघ दिसतेय ना, ती त्याच्या जिभेवरच्या दातांची. ट्रोकस उलटा पडला तरी सरळ होतो, ॲस्ट्रिया जातीचा शंख बहुतेकदा होत नाही आणि तसाच मरतो, म्हणून इथे ट्रोकसच आहेत.

आणि खाली सम्पमध्ये, म्हणजे टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत, हा कीटो, नायलॉनच्या घासणीसारखा गुंता. हेसुद्धा शेवाळच, पण आपण म्हणू तिथे वाढणारं. वरचा लाइट बंद झाला की ह्याचा लागतो, त्यामुळे रात्री पीएच फारसा घसरत नाही, दगडातून सुटणारं फॉस्फेट हा पितो, महिन्यातून एकदा अर्धा काढून टाकायचा.

काढलेलं काहीही समुद्रात, खाडीत, ओढ्यात टाकू नका. कॉलेर्पा टॅक्सिफोलिया हे ॲक्वेरियमचं शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयासमोर समुद्रात सापडलं आणि पुढे भूमध्य समुद्रात हजारो हेक्टर पसरलं. आपलं शेवाळ वाळवून कचऱ्यात.

हा टाइमलॅप्स अकरा आठवड्यांचा आहे, दर रविवारी एक फ्रेम. तिसऱ्या आठवड्यात काही फरक नाही. पाचव्यात उलट वाढल्यासारखं वाटतं. सातव्यानंतर डावीकडचा दगड बघत राहा, आधी करडा, मग त्यावर जांभळट गुलाबी ठिपके, ते कोरलाइन, दगडावर कडक थर धरणारं गुलाबी शेवाळ, ते बसलं की हिरव्याला पाय ठेवायला जागा कमी.

झोअँथस नवव्या आठवड्यात उघडले.

मागच्या कोपऱ्यात एक झुपका अजून आहे. तो तेवढा ठेवलाय, लॉनमोअर ब्लेनी हा शेवाळ खाणारा मासा रोज सकाळी तिथेच चरायला येतो.

(ब्लेनीचा क्लोजअप, पंपाचा आवाज)