'लॉयल्टी': एका आगबोटीचे तीन मालक

हा जुना फोटो नीट पाहा. पांढरंशुभ्र अंग, दोन धुराडी, तीन डोलकाठ्या आणि नाक असं ऐटीत पुढे काढलेलं. शिडाच्या गलबतांचा डौल अजून अंगात आहे, पण पोटात धगधगतो तो कोळसा.

१८९० साली इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेस इथे ती पाण्यात उतरली. लांबी साडेचारशे फुटांहून जास्त. नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया', म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी. आणि मालक कोण? कॅनडातली एक रेल्वे कंपनी!

रेल्वेवाल्यांना आगबोट कशाला हवी? कॅनेडियन पॅसिफिकचे रूळ व्हँकुव्हरला संपायचे. पुढे नुसता समुद्र. मग टपाल आणि उतारू घेऊन योकोहामा, शांघाय, हाँगकाँग गाठायचं. परतताना चहा न् रेशीम भरायचं. तेवीसेक वर्षं हीच तिची वाट.

१९१४. महायुद्ध पेटलं. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. जखमी हिंदी सैनिकांसाठी बोटीचं इस्पितळ झालं. नवं नाव 'लॉयल्टी'. निष्ठा. कुणावरची, ते सांगायला नको.

आता बॅलार्ड इस्टेटमधली ही इमारत. सिंदिया हाउस, म्हणजे सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन या जहाज कंपनीचं घर. आपण म्हणतो शिंदे, कंपनीच्या पाटीवर झालं सिंदिया! लढाई संपली आणि १९१९ मध्ये सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या भागीदारांनी या कंपनीसाठी 'लॉयल्टी' विकत घेतली. तेव्हा हिंदुस्थानचा समुद्र ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत. त्यांची एक खुबी होती. व्यापाऱ्याला भाड्यात सूट द्यायची, पण हातात नाही. काही महिने राखून ठेवायची. मधल्या काळात त्याने दुसऱ्याच्या बोटीत एक गाठ जरी चढवली, तरी सूट बुडाली! नवख्या कंपनीने माल आणायचा कुठून?

तरीही ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची जुनी बोट, दुसऱ्यांनी वापरून सोडलेली. पण मालक इथले.

पुढे भाडी पाडापाडीची झुंज झाली. १९२३ च्या करारात सिंदियाला परदेशी वाहतूक सोडून किनाऱ्यापुरतं थांबावं लागलं. त्याच वर्षी 'लॉयल्टी' मुंबईत भंगारात निघाली.

आणि ही आजची मुंबई, हे बंदर. १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन आहे.