फळ्यावरचा पाच आणि पिशवीवरचा पाच

नमस्कार. मागे आवाज येतोय ना? बरं. विषय पत्रिकेत छापलाय, 'रोजच्या छापील कागदांतून जीवनकौशल्यं', आणि वेळ आहे पंचवीस मिनिटं. पण आधी दुधाच्या पिशवीचं सांगतो, त्याशिवाय पुढचं सगळं कोरडं वाटेल.

आपल्या विशेष शाळेत, माझ्या वर्गात सोळा वर्षांचा एक मुलगा होता, शाहूपुरीतला. बौद्धिक अक्षमता मध्यम. पन्नासपर्यंत आकडे वाचायचा, रोज सकाळी फळ्यावरची तारीख तोच मोठ्यानं वाचायचा आणि मला त्याचं केवढं कौतुक. एक दिवस त्याची आई आली, दारातच उभी राहून म्हणाली, "सर, पोरगं तारीख वाचतंय म्हणता, मग कालची पिशवी कशी काय घेऊन येतंय? दोनदा दूध नासलं बघा." दुकानदारानं जुनी पिशवी का दिली हा प्रश्न वेगळा, त्यावर मी एक तास बोलू शकतो, पण आज नको.

दुसऱ्या दिवशी मी रिकामी पिशवी वर्गात नेली आणि त्याच्या हातात दिली. म्हटलं, तारीख दाखव. त्यानं पिशवी उलटसुलट फिरवली, अगदी मन लावून शोधलं आणि बोट ठेवलं ते किमतीवर. मग मी स्वतः नीट बघितलं. फळ्यावर मी काय लिहायचो? '५ जुलै', मराठी पाच, मोठं ठसठशीत अक्षर, सरळ ओळीत. पिशवीवर इंग्रजी आकडे, बारीक ठिपक्याठिपक्यांचे, कडेला आडवे, निम्मे सुरकुतीत गेलेले, महिन्याचं नाव नाही, नुसता आकडा. म्हणजे मी दोन वर्षं त्याला फळा वाचायला शिकवत होतो. दुकानातल्या वस्तूंवर तारीख सहसा तशी छापत नाहीत! आपल्या मुलांचं मुख्य अवघडच तिथं आहे, एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप जात नाही. आपण ते मुलाच्या खात्यावर टाकतो, "याला येत नाही".

मग काय, शाळेत पिशव्या गोळा करायला सुरुवात केली. मावशी धुवायच्या, दोरीवर वाळत घालायच्या, पावसाळ्यात तर वर्गाला असा वास यायचा की विचारू नका. हसताय, पण इथल्या निम्म्या आयांनी पिशव्या पाठवल्यात, त्यांना माहितीय. रोज दहा पिशव्या टेबलावर, आजची शोधायची. तीन आठवडे लागले. चौथ्या आठवड्यात मी त्याच्याबरोबर दुकानात गेलो, लांब उभा राहिलो. त्यानं पिशवी उजेडाकडे धरली, कड अंगठ्यानं सपाट केली, आणि म्हणाला, "काका, ही नको. दुसरी."

त्याच सुमारास शाळेत तपासणी झाली. आलेल्या साहेबांनी दोरी बघून विचारलं, "हा कचरा काय आहे? पुस्तकं कुठायत?" मी समजावायचा प्रयत्न केला, शेऱ्यात मात्र 'शैक्षणिक साहित्य अपुरे' असंच आलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. मिशी फुटलेल्या पोरांना 'अ अननसाचा' रंगवायला दिलं की ते साहित्य, आणि दुधाची पिशवी कचरा? अमेरिकेत विशेष शिक्षणाचे प्राध्यापक लू ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली हेच मांडलं होतं, की मोठेपणी प्रत्यक्ष जगताना जे लागणार आहे त्यावरून आज काय शिकवायचं ते ठरवा, आणि पुढे १९७९ साली हेही, की वयाला शोभेल असं शिकवा. आपल्याकडे दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. एकोणिसाव्या वर्षी पण दूध आणायचंच आहे ना.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली म्हणतायत. मग भराभर सांगतो.

कागद निवडताना एकच बघा, हा उद्या त्याच्या हातात पडणार आहे का. लाइट बिल, बसचं तिकीट, लग्नपत्रिका, बिस्किटाचा पुडा. एका कागदावरची एकच गोष्ट शिकवा, लाइट बिलात फक्त शेवटची तारीख आणि रक्कम, युनिट राहू देत. आधी तुम्ही त्या जागी रंगीत टिकली लावा, मग टिकली लहान करत न्या, मग काढून टाका. काम मोठं असेल तर शेवटची पायरी आधी त्याला करू द्या, म्हणजे काम पुरं केल्याचा आनंद पहिल्याच दिवशी त्याचा. आणि वर्गात जमलं की खऱ्या दुकानात न्या, एकदा नाही, तीन वेगळ्या दुकानांत.

औषधाच्या स्ट्रिपचं सांगायचं राहिलं, ते महत्त्वाचं. एक्सपायरी बहुतेक वेळा एकाच टोकाला असते आणि आपण गोळ्या कापताना नेमकं तेच टोक आधी कापून टाकतो. दुसऱ्या टोकानं कापा, पोरांनाही तसंच शिकवा. लाल उभी रेघ असलेली स्ट्रिप डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, हे अक्षर न येणाऱ्या मुलालाही शिकवता येतं, रेघ तर दिसते.

बरं, थांबतो. दाराशी खोकं ठेवलंय. घरी गेलात की जुनी बिलं, पुडे, रिकाम्या स्ट्रिप साठवा आणि सोमवारी मुलाबरोबर पाठवा. पिशव्या धुऊन, तेवढं बघा.